पंपघरातली पहिली वर्षं

यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन पाणी क्षेत्रात आलेल्या पोरापोरींचा पहिल्या काही आठवड्यांत थोडा हिरमोड होतो. बरोबरचे मित्र रोबोटच्या हातावर नाहीतर इंजिनांच्या सिम्युलेशनवर काम करत असतात आणि आपल्या वाट्याला काय, तर पंप, मोटर, व्हॉल्व्ह, ब्लोअर आणि टाकीच्या तळाशी संथपणे फिरणारा गाळाचा स्क्रेपर. पंप तर फ्लुइड मेकॅनिक्समध्ये एका धड्यात उरकलेला असतो. त्यात नवीन शिकण्यासारखं काय उरलंय?

तक्रार अगदीच खोटी नाही. सेंट्रिफ्युगल पंपाचे फिरणारे भाग दोन हातांच्या बोटांवर मोजून होतात. पण या यंत्राचं नशीब असं की ज्या पाइपाला, ज्या संपाला, म्हणजे पाणी उचलायच्या टाकीला, ज्या फाउंडेशनला ते जोडलेलं असतं, त्या सगळ्यांची बिलं त्याच्याच नावावर फाटतात. बेअरिंग गेलं, सील गळतंय, इम्पेलरला, म्हणजे पाणी फेकणाऱ्या फिरत्या चाकाला, भोकं पडली, मोटर ट्रिप होतेय. तक्रार पंपाची असते, कारण बहुतेक वेळा चार पावलं लांब असतं. ते कारण शोधायची सवय लागणं हेच या क्षेत्रातल्या पहिल्या दोन-तीन वर्षांचं खरं शिक्षण आहे. ते कुठल्याही प्रशिक्षण कार्यक्रमाच्या तक्त्यात लिहिलेलं नसतं.

बोलायला सोपं जावं म्हणून एकच पंप हाताशी धरू. तासाला १००० घनमीटर पाणी, एकूण हेड, म्हणजे पंप पाण्याला देतो तो दाब पाण्याच्या उंचीत मोजलेला, ५० मीटर. सेकंदाला २७८ लिटर झाले. पाण्यात प्रत्यक्ष जाणारी शक्ती काढायची तर घनता, गुरुत्व, प्रवाह आणि हेड यांचा गुणाकार करायचा. उत्तर येतं सुमारे १३६ किलोवॅट. पंपाची कार्यक्षमता ८० टक्के आणि मोटरची ९५ टक्के धरली तर मीटरवर १७९ किलोवॅट दिसायला हवेत. म्हणजे दर घनमीटरला ०.१८ युनिट. हा शेवटचा आकडा पाठ करून ठेवावा. पंप कितीही मोठा असो, हेड मीटरमध्ये घेऊन ०.००२७२५ ने गुणायचं आणि एकूण कार्यक्षमतेने भागायचं, की दर घनमीटरला किती युनिट लागायला हवेत ते कळतं. लॉगबुकातली वीज आणि पाणी यांचा भागाकार त्याच्या शेजारी ठेवला की पंपघराची प्रकृती कळते. हेच उदाहरण पुढे नेलं, तर पंपाची कार्यक्षमता ८० वरून ७० टक्क्यांवर घसरल्यावर १७९ चे २०५ किलोवॅट होतात. वर्षाला ८००० तास पंप चालला तर दोन लाख युनिट जास्त जातात, आणि पाण्यात एका थेंबाची भर पडत नाही. कुठेही आवाज नाही, गळती नाही, म्हणून कुणी तक्रारही करत नाही.

पण हा हिशेब करायला हेड नीट मोजता यावं लागतं, आणि नव्या इंजिनिअरची पहिली चूक इथेच होते. डिलिव्हरीचा, म्हणजे पाणी बाहेर पडतं त्या बाजूचा, गेज वाचला, बारला दहाने गुणलं, झालं. तसं चालत नाही. समजा डिलिव्हरी गेज ४.६ बार दाखवतोय आणि सक्शनचा, म्हणजे पाणी आत येतं त्या बाजूचा, गेज उणे ०.३. फरक ४.९ बार. एक बार म्हणजे १०.२ मीटर, म्हणून हे झाले ५० मीटर. आता डिलिव्हरीचा गेज सक्शनच्या गेजपेक्षा ०.८ मीटर उंचावर बसवलाय, ते मिळवायचे. सक्शनचं फ्लँज ४०० मि.मी. आणि डिलिव्हरीचं ३००, म्हणून पाण्याचा वेग २.२ वरून ३.९ मीटर प्रतिसेकंद होतो. या वाढलेल्या वेगाचं हेड आणखी अर्धा मीटर. एकूण ५१.३. सव्वा मीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण ती अडीच टक्के चूक आहे, आणि कारखान्यातल्या चाचणीत पंप पास की नापास हे असल्याच फरकावर ठरतं. पंपांच्या स्वीकृती चाचणीचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ९९०६. त्याच्या १बी श्रेणीत हेडला अधिक-उणे ३ टक्के आणि प्रवाहाला अधिक-उणे ५ टक्के सूट असते, कार्यक्षमता मात्र ३ टक्क्यांपेक्षा जास्त घसरलेली चालत नाही. चाचणी बघायला पाठवलं तर चहापाण्यात वेळ न घालवता गेजची उंची टेपने मोजावी आणि कॅलिब्रेशनच्या तारखा उतरवून घ्याव्यात.

आता खरी मेख. पंप स्वतःहून १००० घनमीटर देत नसतो. त्याच्याकडे एक वक्र असतो, या हेडला इतकं पाणी, त्या हेडला तितकं. पाइपलाइनचाही एक वक्र असतो, इतकं पाणी ढकलायला इतकं हेड. दोन्ही वक्र जिथे छेदतात तिथे पंप जाऊन बसतो, आपल्याला आवडो वा न आवडो. हे सगळ्यांनी परीक्षेत लिहिलेलं असतं. डिझाइनच्या टेबलावर मात्र त्याचा सोयीस्कर विसर पडतो, कारण तिथे प्रत्येक जण थोडी थोडी राखीव जागा ठेवतो. पाइप जुना होईल म्हणून घर्षण जास्त धरलं, वर दहा टक्के, वरिष्ठांनी काळजीपोटी आणखी दहा, आणि पुरवठादाराने हातात असलेला त्याच्या वरचा इम्पेलर दिला. दोनदा दहा टक्के म्हणजे वीस नव्हे, एकवीस, आणि वर तो इम्पेलर. लाइन नवी, गुळगुळीत, तिला १००० घनमीटरला ४४ मीटर पुरतात, आणि आपण बसवलाय ५४ मीटरचा पंप.

मग काय होतं? व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तर पंप वक्राच्या उजव्या टोकाकडे पळतो. पाणी जास्त, अँपिअर जास्त, सक्शनची भूक जास्त. मोटर ट्रिप व्हायला लागली की ऑपरेटर डिलिव्हरी व्हॉल्व्ह आवळून ठेवतो. त्याचं बरोबरच असतं, त्याच्या हातात तेवढंच असतं. पण त्या व्हॉल्व्हमध्ये १० मीटर हेड जळतंय. आपल्या पंपावर हे ३६ किलोवॅट, ८००० तासांत २ लाख ८७ हजार युनिट. शिवाय तो व्हॉल्व्ह स्लूस असेल तर अर्धवट उघड्या स्थितीत गेट थरथरत राहतं, सीट झिजते, आणि ज्या दिवशी तो खरोखर बंद करायची वेळ येते त्या दिवशी तो बंद होत नाही. स्लूस व्हॉल्व्ह एकतर पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद ठेवायचा, मधली जागा त्याच्यासाठी नाही.

दोन पंप समांतर चालणाऱ्या ठिकाणी यातच आणखी एक पीळ असतो. दोघे मिळून २००० देत असतील तर एकटा १००० देईल असं नवखा धरून चालतो. एकटा चालताना लाइनमधलं घर्षण कमी असतं, म्हणून तो १२०० किंवा १२५० ही देईल. मोटरची निवड आणि सक्शनची तपासणी या एकट्या स्थितीसाठी करायची असते. डेटाशीटवर ती स्थिती लिहिलेली नसेल तर विचारायचं. कनिष्ठाने असा प्रश्न विचारला म्हणून कोणी नाराज होत नाही, आणि झालं तर होऊ दे.

सक्शन. या एका विषयावर पहिलं अख्खं वर्ष घालवलं तरी ते वाया गेलं असं मी म्हणणार नाही.

पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण ढकलते ती हवा. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब १०.३ मीटर पाण्याइतका असतो. त्यातून संपातल्या पातळीपासून पंपाच्या मध्यापर्यंतची चढण ४ मीटर वजा करा, सक्शन लाइनमधलं घर्षण १ मीटर वजा करा, ३० अंशांच्या पाण्याचा बाष्पदाब ०.४ मीटर वजा करा. उरले ४.९. हा झाला उपलब्ध एनपीएसएच, म्हणजे पाण्याची वाफ होऊ नये म्हणून सक्शनला हाताशी उरलेला दाब. जागा हजार मीटर उंचीवर असेल तर आणखी १.२ मीटर गेले, उरले ३.७. पंपाच्या वक्रावर मागणी लिहिलेली असते, समजा ४ मीटर. समुद्रसपाटीला काम भागतं, डोंगरावर तोच पंप, तेच फिटिंग, आणि इम्पेलर काही महिन्यांत चाळणी.

वक्रावरच्या त्या ४ मीटरचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. प्रयोगशाळेत सक्शनचा दाब कमी करत नेतात आणि हेड ३ टक्क्यांनी पडलं की तो आकडा लिहितात. म्हणजे त्या आकड्याला कमी दाबामुळे पाण्यात झालेले वाफेचे बुडबुडे फुटायला लागून बराच वेळ झालेला असतो. ४ ची मागणी असताना ४.१ उपलब्ध आहेत म्हणून सही करणारा माणूस इम्पेलरच्या मरणावर सही करतो. वर किमान एखादा मीटर, मोठ्या आणि वेगवान पंपांना त्याहून जास्त मोकळीक हवी. आणि पंप उजवीकडे पळाला की हीच मागणी ४ वरून साडेपाचलाही जाते. आता वरच्या परिच्छेदातला जास्तीच्या हेडचा पंप आठवा. त्याचा इम्पेलर सक्शनमुळे खाल्ला जातोय असं सगळे म्हणतात, आणि मूळ दोष डिलिव्हरीच्या बाजूला मिळवत नेलेल्या दहा-दहा टक्क्यांचा असतो.

पोटात खडी फिरल्यासारखा आवाज आला की कॅव्हिटेशन, म्हणजे तेच बुडबुडे फुटणं, हे सगळ्यांना माहीत असतं. ते कसलं आहे हे ओळखायची एक सोपी चाचणी आहे. डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडा आवळा. प्रवाह कमी झाला की एनपीएसएचची मागणीही कमी होते. आवाज कमी झाला तर सक्शनची उपासमार आहे. आवाज वाढला तर पंप आधीच त्याच्या सर्वोत्तम बिंदूच्या फार डावीकडे चालतोय आणि इम्पेलरच्या तोंडाशी पाणी उलटं फिरतंय. आवाज तुटक, अनियमित आणि अँमीटरचा काटा मागेपुढे हलत असेल तर बहुधा हवा शिरतेय.

इम्पेलर उघडल्यावरही हे वाचता येतं. साध्या कॅव्हिटेशनचे खड्डे पात्याच्या प्रवेशाच्या कडेमागे, तोंडातून बघताना दिसणाऱ्या बाजूवर असतात. उलट्या फिरणाऱ्या पाण्याचे खड्डे त्याच पात्याच्या मागच्या, लपलेल्या बाजूवर असतात. ते बघायला छोटा आरसा लागतो, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला. म्हणून जुना इम्पेलर भंगारात जाण्याआधी त्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून तारीख टाकून ठेवावेत. नवा इम्पेलर बसवला पण खड्डे कोणत्या बाजूला होते ते कोणी बघितलंच नाही, अशी दुरुस्ती म्हणजे पुढच्या दुरुस्तीची तारीख ठरवणं.

संपाबद्दल यंत्रवाले सहसा बोलत नाहीत, ते काँक्रीटवाल्यांचं काम असं धरून चालतात. मोठी गफलत. उभ्या पंपाच्या बेलवर, म्हणजे पाण्यात बुडालेल्या घंटेसारख्या तोंडावर, पुरेसं पाणी नसेल तर पृष्ठभागावर भोवरा तयार होतो आणि हवेची शेपटी थेट बेलमध्ये उतरते. किती पाणी पुरेसं याचं सूत्र हायड्रॉलिक इन्स्टिट्यूटच्या ९.८ क्रमांकाच्या मानकात आहे. बेलच्या तोंडाशी पाण्याचा जो वेग असेल त्यावरून फ्राउड अंक काढायचा (गुरुत्व आणि बेलचा व्यास यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने वेगाला भागायचं), त्याला २.३ ने गुणायचं, त्यात १ मिळवायचा आणि येईल त्याला बेलच्या व्यासाने गुणायचं. आपल्या पंपाला ४५० मि.मी. ची बेल दिली तर वेग सेकंदाला पावणेदोन मीटर, फ्राउड अंक ०.८३, आणि डोक्यावर हवं असलेलं पाणी १.३ मीटर. बेल आणि तळ यांच्यातलं अंतर व्यासाच्या ०.३ ते ०.५ पट, म्हणजे १३५ ते २२५ मि.मी. कमी ठेवलं तर पाणी गुदमरतं, जास्त ठेवलं तर तळाचे भोवरे येतात. कमी पातळीला पंप बंद करणारा फ्लोट कुठल्या उंचीला लावायचा हे या १.३ मीटरवरून ठरायला हवं. प्रत्यक्षात पाणी अपुरं पडायला लागलं की तो फ्लोट हळूहळू खाली सरकवला जातो, आणि हवा खाल्लेल्या पंपाच्या बेअरिंगची चौकशी लागते.

आडव्या पंपाच्या सक्शनवरचा रिड्यूसर विकेंद्री हवा आणि त्याची सपाट बाजू वर हवी. समकेंद्री लावला तर वरच्या कोपऱ्यात हवेचा फुगा अडकून बसतो. दोन्ही बाजूंनी पाणी घेणाऱ्या पंपाच्या तोंडाशी लगेच आडवा बेंड दिला तर पाणी बेंडच्या बाहेरच्या अंगाला जास्त जातं, इम्पेलरच्या एका डोळ्याला जास्त आणि दुसऱ्याला कमी मिळतं, आणि शाफ्ट एका दिशेने ढकलला जातो. एकाच बाजूचं बेअरिंग वारंवार जात असेल तर बेअरिंगच्या कंपनीला शिव्या देण्याआधी तो बेंड बघून यावा. व्यासाच्या निदान पाच पट सरळ पाइप तिथे असायला हवा होता, तो जागा वाचवायला कोणीतरी कापलेला असतो.

उभारणीच्या वेळची एक गोष्ट मात्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. पंप आणि मोटरचं अलाइनमेंट लेझरने अगदी नीट झालं, सगळे खूश, आणि मग पाइपवाले आले. पाइपाचं फ्लँज पंपाच्या फ्लँजपासून पाच-सात मि.मी. बाजूला. चेन ब्लॉक लावून ओढलं, बोल्ट घातले, आवळले. पाच मि.मी.चा तो ताण आता आयुष्यभर पंपाच्या बॉडीवर. यावर तपासणी अशी आहे: कपलिंगवर दोन डायल गेज लावायचे, एक उभा आणि एक आडवा, काटे शून्यावर आणायचे, आणि फ्लँजचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळत जायचे. कुठलाही काटा ०.०५ मि.मी. पेक्षा जास्त हलला तर पाइप कापून पुन्हा जुळवायचा. बोल्ट भोकांतून हाताने आरपार सरकले पाहिजेत, हातोड्याने नव्हे. हा हट्ट धरणाऱ्यावर साइटवर पहिल्या दिवशी हसतात. हसू द्यावं. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतं, भार दुप्पट झाला की आयुष्य आठ पटींनी कमी.

अलाइनमेंट जमत नाही म्हणून मध्ये रबराचा बेलो घालायचा ही पळवाट तर त्याहून वाईट. बेलो लवचीक असतो, म्हणूनच तो दाबाने लांब व्हायला बघतो. ३०० मि.मी. ला ५ बार दाब म्हणजे साडेतीन टनांचा जोर. टाय रॉड न लावता तो बेलो बसवला तर हे साडेतीन टन चोवीस तास पंपाला फाउंडेशनवरून ढकलत राहतात. पंपघराबाहेरच्या ५०० मि.मी. च्या लाइनवर हायड्रॉलिक चाचणी १० बारला करायची तर टोकाच्या ब्लँक फ्लँजवर २० टन येतात. थ्रस्ट ब्लॉक, म्हणजे हा जोर पेलणारा ठोकळा, झाला का, त्याचं काँक्रीट पुरेसं पिकलं का, हे चाचणीचा पंप सुरू करण्याआधी विचारायचं असतं. आणि चाचणीच्या वेळी त्या फ्लँजसमोर उभं राहायचं नसतं.

सुरू करतानाचे बारकावे फिटरकडून शिकायचे. आधी हवा काढायची, ग्लँडला, म्हणजे शाफ्टभोवतीच्या पॅकिंगच्या जागेला, पाणी पोहोचतंय ना बघायचं. ग्लँडमधून मिनिटाला चाळीस ते साठ थेंब पडायलाच हवेत. तिथे ठणठणीत कोरडं दिसलं की नवखा इंजिनिअर कौतुक करतो, आणि आत पॅकिंग जळून शाफ्टची स्लीव्ह कोरली जात असते. मोटरची दिशा कपलिंग सोडून तपासायची. सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरला तरी पाणी त्याच दिशेने देतो, फक्त कमी देतो, त्यामुळे केबल बदलल्यावर फेज उलटी जोडली गेली तर ‘पंप म्हातारा झाला’ एवढंच वाटतं. लांब शाफ्टच्या उभ्या टर्बाइन पंपाला मात्र उलटं फिरणं महागात पडतं, कारण त्याच्या शाफ्टचे तुकडे आट्यांच्या कपलिंगने जोडलेले असतात आणि उलट्या दिशेत ते सुटू शकतात. रेडियल, म्हणजे पाणी चाकाच्या कडेकडे फेकणारा, पंप डिलिव्हरी बंद ठेवून सुरू करतात कारण तेव्हा त्याला शक्ती सर्वांत कमी लागते, पाणी शाफ्टच्या दिशेने ढकलणाऱ्या अ‍ॅक्सियल पंपाचं बरोबर उलट. ज्याला हे का ते सांगता येतं त्याला सूचनाफलकाची गरज उरत नाही.

वीज गेली तर काय होतं, हा प्रश्न प्रत्येक लाइनबद्दल विचारावा. निकोलाय जुकोव्हस्की यांनी मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून १८९८ मध्ये जे मांडलं ते आजही तसंच लागू आहे: वेगातला बदल गुणिले लाटेचा वेग गुणिले घनता, इतका दाब उसळतो. लोखंडी पाइपात लाट सेकंदाला साधारण १००० मीटर धावते. आपल्या ५०० मि.मी. च्या लाइनमध्ये पाण्याचा वेग १.४ मीटर प्रतिसेकंद. तो अचानक शून्य झाला तर १४ बार. लाइन ५ किलोमीटर असेल तर लाट टोकाला जाऊन परत यायला १० सेकंद लागतात, म्हणून १० सेकंदांच्या आत बंद झालेला व्हॉल्व्ह हा झटक्यात बंद झालेलाच समजायचा. पंप ट्रिप झाला की आधी दाब कोसळतो, उंचवट्यावर पाण्याचा स्तंभ तुटतो, पोकळी तयार होते, आणि परत येणारं पाणी ती पोकळी मिटवताना खरा तडाखा बसतो. यावर उपाय अनेक आहेत: एअर व्हेसल, सर्ज टँक, पंपावर फ्लायव्हील, दोन टप्प्यांत मिटणारा व्हॉल्व्ह. दाबाच्या या उसळीचं, म्हणजे सर्जचं, गणित तज्ज्ञ करतात. कनिष्ठाने एवढंच बघावं की त्या गणितात पंप-मोटरच्या जडत्वाचा आकडा डेटाशीटवरून घेतलाय की अंदाजाने टाकलाय. आणि लाइनवर एकदा चालत जावं. कुठलातरी एअर व्हॉल्व्ह गळत होता म्हणून त्याच्या खालचा कॉक बंद करून ठेवलेला सापडतोच. कागदावर संरक्षण आहे, जमिनीवर नाही.

सध्या सगळ्या दुखण्यांवर व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण, हे औषध सांगितलं जातं. वेग ८० टक्के केला की शक्ती ५१ टक्के, हे खरंच, पण जिथे सगळं हेड घर्षणाचं आहे तिथे. आपल्या ५० पैकी ३५ मीटर निव्वळ उंची चढायची असेल आणि पंपाचं बंद व्हॉल्व्हचं हेड ६० मीटर असेल, तर ७५ टक्के वेगाला ते उरतं ३३.७५. पंप फिरतोय, स्क्रीनवर बचत दिसतेय, आणि पाणी अजिबात जात नाहीये. आतलं तेच पाणी घुसळून तापतंय. व्हीएफडीचा प्रस्ताव हातात आला की आधी स्थिर हेड किती ते विचारायचं. वितरण जाळ्यात ते उपकरण उत्तम काम करतं, उंच टाकीवर सरळ पाणी चढवणाऱ्या लाइनवर बहुधा इम्पेलर घासून लहान करणं जास्त स्वस्त आणि टिकाऊ पडतं.

सांडपाण्याकडे बदली झाली की काही जण नाक मुरडतात, पण यांत्रिक काम तिथे जास्त रंजक आहे. चिंध्या आणि वाइप्स इम्पेलरवर दोरीसारखे वळले जातात, वाळू वेअर रिंग खाते, आणि जिवाणूंना हवा पुरवणारे ब्लोअर बहुतेक प्रक्रिया केंद्रांत विजेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक असतात. ब्लोअरचा दाब महिन्यागणिक हळूहळू वाढत असेल तर ब्लोअर उघडू नये, टाकीच्या तळाचे हवा सोडणारे डिफ्युझर बुजताहेत. पुन्हा तेच, बिल दुसऱ्याच्या नावावर.

इथे एक गोष्ट मात्र शिकत शिकत शिकायची नाही, पहिल्या दिवसापासून पाळायची. ओल्या विहिरीत, चेंबरमध्ये, रिकाम्या टाकीत गॅस तपासल्याशिवाय डोकंही आत घालायचं नाही. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली नको, हायड्रोजन सल्फाइडचा अलार्म १० पीपीएमला, आणि तपासणी वर, मध्ये आणि तळाशी, कारण हा वायू हवेपेक्षा जड असतो. कुजक्या अंड्याच्या वासावर विसंबू नये. १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं, वास गेला म्हणजे धोका गेला असं वाटतं आणि तेव्हाच तो सर्वांत जास्त असतो. गाळ ढवळला की वायू पुन्हा सुटतो, म्हणून मीटर अंगावर चालूच ठेवायचा. बाहेर एक माणूस नेमलेला हवा आणि त्याने काहीही झालं तरी आत उडी मारायची नाही, दोर, ट्रायपॉड आणि विंचने वर ओढायचं. अशा अपघातांत वाचवायला उतरलेले पाठोपाठ जातात. तसंच, मोटरला कुलूप लावलं म्हणजे पंप सुरक्षित झाला असं नाही. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळत असेल तर वरच्या टाकीचं पाणी परत येऊन तोच शाफ्ट फिरवू शकतं. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद, त्यांनाही कुलूप, आणि मधलं पाणी ड्रेनने काढून गेज शून्य झालेला डोळ्यांनी बघणं, इतकं झाल्यावरच बोल्टला पाना लावायचा.

नोकरी निवडताना किंवा विभाग बदलून मागताना माझं मत विचाराल तर आधी संचालन-देखभाल, मग डिझाइन. उलटं केलं तरी चालतं, पण मग जी ड्रॉइंग्ज काढली त्यांचे परिणाम भोगायला कोणीतरी दुसरा असतो. लॉगबुक भरणाऱ्या ऑपरेटरला आणि फिटरला ‘तुम्हाला काय वाटतं’ असं विचारावं आणि उत्तर लिहून ठेवावं. ‘हा पंप पावसाळ्यात जास्त ओरडतो’ हे वाक्य अडाणीपणाचं वाटतं, पण त्यात गढूळ पाणी, संपाची पातळी आणि जाळीवर अडकलेला पाला एवढी माहिती असते. पहिली कंपनाची मोजणी पंप नवा असतानाच घेऊन ठेवावी. मिनिटाला १४८० फेऱ्यांच्या पंपाला सेकंदाला २४.७ आवर्तनांवर कंपनाची उंची दिसली तर असंतुलन बघा, दुपटीवर दिसली तर अलाइनमेंट, सहा पात्यांच्या इम्पेलरला १४८ वर दिसली तर पाणीच नीट वाहत नाहीये. पण पहिलीच मोजणी नसेल तर आजचा आकडा कशाशी ताडणार?

आणि डिझाइनच्या टेबलावर बसल्यावर एक काम सहीपूर्वी स्वतः करावं. प्रत्येक यंत्र बाहेर कसं निघणार हे ड्रॉइंगवर पेन्सिलने काढून बघावं. उभ्या पंपाचा कॉलम ३ मीटरच्या तुकड्यांचा असेल तर क्रेनच्या हुकाला जमिनीपासून तीन मीटर पुरत नाहीत. तुकडा, त्यावरचा स्लिंग, खाली टेकवलेल्या क्लॅम्पची उंची आणि हुक वरच्या टोकाला जाताना उरणारी मोकळीक धरून पाचच्या पुढे जावं लागतं. मोटर दारातून जाते का, व्हॉल्व्हचं चाक फिरवायला कोपर मागे घेता येतं का, सक्शन आणि डिलिव्हरीवर गेजसाठी टॅपिंग आहे का, फ्लो मीटरच्या आधी पाच व्यास आणि नंतर तीन व्यास सरळ पाइप आहे का. टॅपिंगचे दोन सॉकेट कारखान्यात वेल्ड करायला अर्धा तास लागतो. ते राहिले तर चालू लाइन बंद ठेवायची परवानगी मिळेपर्यंत त्या पंपाचं हेड कोणालाच मोजता येत नाही.